फोटोतले टायर, डोंगरावरची खडी

मंडळी, टाळ जरा मांडीवर ठेवा आणि मला सांगा — बापाचा मान राखायचा म्हणजे त्याच्यासारखं दिसायचं, की त्याला जे कळत होतं ते समजून घ्यायचं? माना डोलवू नका! डोलणारी मान मी रोज बघतो. आधी ऐका!

दिगंबरराव शेळवणे, विमा कचेरीतले साहेब. घरी वडील, तात्या — एके काळचे नावाजलेले सायकलपटू. आता वय शहाऐंशी, दोन्ही डोळे गेलेले. तात्यांची इच्छा एकच. "दिगू, माझी सायकल एकदा भैरोबाच्या डोंगरावर आण. मी देवळाच्या पायरीवर बसतो. सपाटीला आलास की पाय थांबव. मागच्या चाकातल्या फ्रीव्हीलची करकर ऐकली, की मी भरून पावलो."

सायकल माळ्यावरून उतरली. टायर कुजलेले! ती जुनी जात — ट्यूब टायरातच शिवलेली आणि अख्खा टायर रिमला चिकटवायचा. बाबालाल मिस्त्रींनी चाक बसतं त्या चिमट्यात पट्टी धरून मोजलं.

"साहेब, अठ्ठावीस मिलिमीटरचा बसतोय. तिसाचा घासंल. वर सगळी खडी हाय, अठ्ठावीसच घ्या."

"मिस्त्री, ही शर्यतीची सायकल आहे! दुधाच्या किटल्या न्यायच्यात का हिच्यावर? भिंतीवर तात्यांचा फोटो आहे. टायर बघा, करंगळीएवढे! एकवीसचा लावा."

"फोटूला खडी लागत न्हाई, साहेब."

दिगंबरराव हसले. कसे? तुम्ही मोबाइलवर दोन पानं वाचून डॉक्टरला हसता ना — तसे!

आता थोडं विज्ञान. दचकू नका, देवाला चालतं! बारीक टायरात हवा मावते थोडी. मग रिम दगडाला टेकू नये म्हणून ती ठासून भरायची. ठासली की टायर दबत नाही, उडतो! प्रत्येक उडीत पुढे जायचा जोर वाया. रुंद टायर कमी हवेत चालतो, खडी पोटात घेतो. पण साहेबांना पोट नको होतं — टायरचं! स्वतःचं होतंच!

रविवारी सकाळी तात्या जीपनं वर गेले. साहेब निघाले — घट्ट चड्डी, जुनी चामडी टोपी, थाट नवरदेवाचा! टायर दगडासारखे टणक. डांबर होतं तोवर ऐट. डांबर संपलं आणि दात वाजायला लागले! ओढ्याच्या उतारावर ब्रेक दाबावा, तर चाक जमिनीवर असेल तर ना! उडालं, आपटलं — फाट्! टायर फुटला, आणि तात्यांचं रिम चेपून बसलं. तसलं रिम आता कुणी करत नाही, मंडळी.

सायकल खांद्यावर घेऊन साहेब डोंगर चढले. पायरीवर तात्या कान देऊन बसलेले. करकर नाही. नुसता बुटांचा आवाज.

"कोण? दिगू? सायकल कुठाय?"

दिगंबररावांनी ती पुढ्यात ठेवली. तात्यांची बोटं फिरली — हँडल, सीट, चाक. टायरवर थांबली.

"ही दोरी कुणी लावली?"

"तात्या... फोटोत अशीच होती."

"अरे, तो फोटो सिमेंटच्या ट्रॅकवरचा! डोंगराला मी जाडच लावायचो." बोटं चेपलेल्या रिमवर गेली. "विचारायचं होतंस, दिगू. त्याच फोटोखाली माझी खाट आहे."

हसलात ना मघाशी? आता का गप्प? दोन हात वर फोटो, दोन हात खाली जिवंत बाप — आणि शहाण्यानं विचारलं कुणाला? फोटोला!

आणि तुम्ही? बापासारखा फेटा बांधता, बापासारखं गंध लावता, बापाच्या जागेवर बसून टाळ कुटता. त्याला एक प्रश्न विचारलात कधी? ज्यांचे वडील अजून घरात आहेत, त्यांनी आज माझ्या पाया पडायला थांबू नका. उठा, घरी जा. खाटेपाशी बसा आणि विचारा. गजर बाकीचे करतील!