लिटरला सात

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा, उरवड्याच्या माजी सरपंच माननीय अनसूयाताई पवळे, आमच्या जुन्या गाड्यांच्या मंडळाचे सचिव कौस्तुभ, ज्यांच्यासाठी आपण जमलो ते सत्कारमूर्ती नथू मेस्त्री, त्यांच्या शेजारी संकोचून बसलेल्या त्यांच्या पत्नी पारूवहिनी, आणि भुकूमपासून पौडपर्यंतच्या गावांतून, काही जण तर शेवटच्या चढाला गाडी ढकलत इथवर आलेले माझे मित्र आणि भगिनी, आपणा सर्वांना निरंजन सोहोनीचा नमस्कार.

कौस्तुभने मला बजावलंय की सर, दहाच मिनिटं घ्या आणि जरा हलकंफुलकं बोला. दहा मिनिटांचं जमवीन. दुसऱ्या गोष्टीचं वचन देत नाही.

मेस्त्रींची ओळख इथं कुणाला करून द्यायची? एकतीस वर्षं उरवडे फाट्यावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी आपल्या गाड्या जिवंत ठेवल्या. माझी तर खास. अडुसष्ट सालची, हिरवी, दोन माणसांची विलायती स्पोर्ट्स गाडी. नोकरी सुटल्यावर हाती आलेल्या पैशातून मी ती घेतली आणि घरी अजूनही त्याचं उत्तर देतोय. मागे बसलेली तरुण मंडळी मायलेज विचारतात. सांगतो. तिच्या चांगल्या दिवसांत, ताम्हिणीचा घाट चढून-उतरून, लिटरला अकरा. हसा, हसा. पण ते अकरा मेस्त्रींच्या कानातून आलेले होते.

हे जरा समजावून सांगायला हवं. माझ्या गाडीला दोन कार्बोरेटर आहेत. पेट्रोल आणि हवा तिथं मिसळते. दोघांनी सारखी हवा ओढली पाहिजे, नाही तर गाडी पेट्रोल नुसतं पीत सुटते. हे मोजायचं यंत्र बाजारात मिळतं. मेस्त्रींकडे हातभर रबरी नळी होती. तिचं एक टोक कार्बोरेटरच्या तोंडाशी, दुसरं स्वतःच्या कानात. एकाची सूं ऐकायची, मग दुसऱ्याची, आणि स्क्रू केसभर फिरवायचा. मनाजोगतं झालं की त्या स्क्रूच्या कडेवर पिवळ्या रंगाचा एक ठिपका द्यायचा. मी इतका शहाणा की कित्येक वर्षं त्या ठिपक्याला खंडेनवमीच्या पूजेची हळद समजत होतो.

दोन वर्षांपूर्वी सर्व्हिसिंगनंतर गाडी लिटरला नऊवर आली. मी पेट्रोलला दोष दिला. हल्लीच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुन्या रबरी नळ्या कुजतात हे खरंच आहे, म्हणून त्या सगळ्या बदलून घेतल्या. पुढच्या खेपेला आठ. स्पार्कप्लग काढून पाहिले तर काजळीने काळेकुट्ट, म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. मी उरवड्याला गेलो. मेस्त्री माझ्याशी ओरडून बोलत होते, आणि इंजिन तर बंद होतं. त्यांच्या कोपराजवळ त्यांचा मोबाइल वाजत होता, वाजून वाजून थांबला. त्यांनी मान वळवली नाही.

मला कळलं. मंडळी, मला त्याच क्षणी कळलं. मग मी काय केलं असेल?

मी म्हणालो, "मेस्त्री, गाडी झकास झालीय." तिथून थेट कोथरूडला गेलो, एका यंत्रवाल्याकडून दोन्ही कार्बोरेटर पुन्हा लावून घेतले. गाडी परत अकरा. पुढे दोन वर्षं हाच माझा क्रम राहिला. आधी उरवडे, तिथं तोंडभर कौतुक, मग कोथरूड. मला वाटायचं, एवढा गुणी माणूस, कशाला त्याचं मन दुखवा? या माझ्या सभ्यतेचा मला चक्क अभिमान होता. गेल्या आठवड्यात समजलं की कौस्तुभही तेच करत होता. आणखी पाच जणही. हात वर करायला सांगू का? नको. ज्यांनी माना खाली घातल्यात त्या मला इथून दिसतायत.

आणि आपण आपसांत काय बोलायचो? मेस्त्री हल्ली तापट झालेत, रेडिओ किती मोठ्याने लावतात, वय झालं आता. यावर आपण चहा पीत हसलोसुद्धा आहोत. मीही हसलोय. स्वतः मेस्त्रींना विचारलं तर म्हणायचे, अलीकडं इंजिनं मऊ वाजत्यात. जे आपल्याला ऐकू येत नाही ते ऐकू येत नाही, हे माणसाला कळणार कसं? ते दुसऱ्यानेच सांगायला हवं.

यंदा गणपतीच्या आधी पारूवहिनींचा फोन आला. मेस्त्री फाट्यावर रस्ता ओलांडताना मागून टेम्पो आला, हॉर्न वाजवत होता, यांना पत्ताच नाही. टेम्पोवाल्याने ब्रेक दाबला म्हणून वाचले. वहिनी एवढंच म्हणाल्या, "गॅरेज बंद करत्यात. येऊन जावा एकदा."

गेलो. मेस्त्री भिंतीवरचे पाने उतरवून गोणपाटात बांधत होते. मला पाहून थांबले. मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, "सायेब, एक इचारू? दर खेपेला तुमच्या गाडीचा ठिपका तुटलेला दिसायचा. मी लावलेला इस्क्रू दुसऱ्याच कुणी फिरवलाय, ते समजायचं मला. समद्यांच्याच गाड्यांचं तसं. मला वाटलं, मंडळींचं मन उडालं माज्यावरनं. आज सांगतील, उद्या सांगतील म्हून वाट बघितली. माझं काय चुकलं?"

म्हणजे ती हळद नव्हती. ती त्यांची खूण होती, स्क्रू हलला की तुटणारी, आणि दर वेळी ती मोडून गाडी मी त्यांच्यासमोर नेऊन उभी करत होतो, वर झकास म्हणत होतो.

मी उत्तर दिलं, पण त्यांना ते ऐकू येत नव्हतं. शेडमध्ये एक जुनी जीप उभी होती, बॉनेटवर धूळ. मी बोटाने त्या धुळीत लिहिलं, आमचं मन नाही, तुमचे कान. कमी ऐकू येत होतं. मला माहीत होतं. त्यांनी ते वाचलं. हळू वाचतात ते. मग विचारलं, "कवापासनं?"

मी लिहिलं, दोन वर्षं.

त्यांनी तेही वाचलं. मग म्हणाले, "टेम्पोच्या नंतर कान दाखवलं, डाक्तर बी तेच म्हनला. आतून सडलंय, हाडापतुर गेलंय. दोन वर्सं आधी आला असता, तर एक कान तरी वाचला असता." आणि खांद्यावरचं फडकं घेऊन त्यांनी ते बॉनेट स्वच्छ पुसलं. रागाने नाही, काम संपल्यावर पुसतात तसं. मला पुढचा एक शब्द लिहायचा होता. त्याला धूळ उरली नाही.

आज सकाळी मी आग्रह करून त्यांच्याकडून गाडी शेवटची लावून घेतली. कानाची नळी त्यांनी बाहेर काढलीच नाही. चालू इंजिनवर तळहात ठेवून अंदाजाने स्क्रू फिरवला, ठिपका दिला आणि माझ्याकडे न बघता आत गेले. इथं येताना गाडी धूर टाकत होती. लिटरला सात देईल, फार तर. तो ठिपका मी आता मोडणार नाही. यात काही मोठेपणा नाही. गाडी तशीच परत नेऊन, मेस्त्री, हे चुकलंय, असं सांगायचा एक दिवस होता. तो मी घालवला.

अनसूयाताईंनी सभागृह मिळवून दिलं, कौस्तुभने राबून कार्यक्रम उभा केला, आपण सगळे वेळ काढून आलात, सर्वांचे मनापासून आभार. बोलण्याच्या ओघात काही उणंअधिक झालं असेल तर पदरात घ्या, असं शेवटी म्हणायची आपली रीत आहे. मीही आजवर पन्नास सभांतून म्हणालोय, घड्याळाकडे बघत. आज मात्र ज्यांच्याकडे खरोखर माफी मागायचीय, त्यांना या भाषणातला एकही शब्द ऐकू आलेला नाही. मघाशी आपण हसलात, ते पाहून तेही हसले.

म्हणून हे सगळं मी मोठ्या अक्षरांत लिहून आणलंय. धुळीत राहिलेला तो शब्द शेवटच्या पानावर आहे. हे कागद आता मी मेस्त्रींच्या हातात देतो. त्यांचं वाचून होईपर्यंत कृपया कुणी टाळ्या वाजवू नका.