बिनगव्हाची भजी

जयवंता : आत येऊ नको. तिथंच थांब, उंबऱ्यात. पिशवीत काय हाय?

सुरभी : डबा आहे, आई. माझा नेहमीचा. तांदळाची भाकरी आणि दुधी.

जयवंता : तो पिशवीतच राहू दे. आधी मोरीवर जा नि हात धू, पार कोपरापर्यंत. रिक्षात शेजारी कुणी बिस्कीट खाल्लं असंल, तुला काय ठावं?

सुरभी : अहो, एवढं कशाला...

पोपट : धू गं सूनबाई, वाद घालू नको. मला सासऱ्याला सकाळपासून ओटीवर बसवून ठेवलंय. गुन्हा काय, तर चहात पाव बुडवला.

जयवंता : नि तोच हात घेऊन परातीकडं आलात. बसा तिथंच.

सुरभी : परात कसली? अगंबाई, किती फुलं ही! भोपळ्याची?

जयवंता : मांडवावरची. ऊन चढायच्या आत काढली, न्हायतर मिटतात. ही मायाळूची पानं, हा कांदा. आज तुला भजी घालणार हाय मी.

सुरभी : नको, आई.

जयवंता : नको का?

सुरभी : तुम्हाला माहीत आहे. गेल्या गौरीला इथली भजी खाल्ली आणि तीन दिवस सलाईनवर होते. गव्हाचा कण जरी गेला तरी माझी आतडी सोलवटतात. आता तर डॉक्टरांनी दूध, दही, तूप, अंडं, सगळंच बंद केलंय. मला भीती वाटते. खोटं कशाला बोलू?

जयवंता : भीती वाटंलच. पण त्या दिवशी दहा बायांदेखत तू काय बोललीस, ते आठवतं का?

सुरभी : आठवतं.

जयवंता : सांग बरं.

सुरभी : 'यांनी मुद्दाम गहू घातला, माझा आजार खोटा पाडायला.'

जयवंता : गौरीसमोर बोललीस. वरीस झालं. तवापासून कर्जतहून येतेस, डबा उघडतेस, खातेस, विसळतेस नि जातेस. माझी सून माझ्या घरात पाहुण्यासारखी गार भाकरी खाते. परवा गौर येईल. तेव्हापण तू डबाच उघडलास तर मला तिच्यापुढं ताट ठेववणार नाय गं. हात उचलायचाच नाय माझा.

सुरभी : रागात बोलले मी. पण आई, गहू पोटात गेला होता हे तर खरं ना?

जयवंता : खरं. कुठनं गेला, तेच तर वरीसभर शोधत होते. कढई वेगळी होती. तेल नवं फोडलं होतं. डाळीचं पीठ नि तांदळाचं पीठ, दुसरं कायसुद्धा नाय. मंग एक दिवस डोक्यात आलं, गिरणी! आपल्याआधी कुणीतरी गहू दळला असंल, तो दगडात राहिला असंल.

सुरभी : हो, असं होतं. डॉक्टरही तेच सांगतात.

जयवंता : मंग ते बघ, त्या कोपऱ्यात.

सुरभी : जातं? हे तर गोठ्यामागं पडलं होतं!

पोपट : तीन दिवस घासलं मी त्याला. मंग दगडाला टाकी मारून खाचा पाडायला माणूस हवा. आपल्या अख्ख्या पोशीरात नाय, नेरळात नाय. शेवटी चौक गावाच्या पलीकडनं एक म्हातारा गावला. त्याला गाडीवर बसवून आणला नि सोडलापण मीच. वाटेत दोनदा म्हणाला, आता कोण दळतं हो जात्यावर?

जयवंता : ह्या जात्यावर गहू कधी पडलाच नाय, सुरभी. माझ्या सासूच्या येळेला ह्या घरात भात नि नाचणी. गव्हाची चपाती बघायची तर लग्नाघरी. काल डाळ दळली, आज पहाटे तांदूळ.

सुरभी : हातानं? दोन्ही? तुमचा तर खांदा धरलाय. दाखवा हात. दाखवा म्हणते ना! आई, दोन फोड आलेत.

जयवंता : जातील.

सुरभी : माझ्या चार भज्यांसाठी तुम्ही जातं उभं केलंत? मी इतकं बोलल्यावर?

जयवंता : रडू नको, पिठात पाणी नको मला. हसतेस काय? खरंच सांगते. कांद्याला मीठ चोळून ठेवलंय, त्याला सुटंल तेवढ्याच पाण्यात पीठ कालवायचं. वरनं पाणी घातलं की भजी तेल पितात. फुलांसाठी तेवढं सैल भिजवलंय.

सुरभी : तांदळाचं पीठ किती?

जयवंता : दोन वाट्या डाळीचं, त्याला अर्धी वाटी. कुरकुरीत होतात. नि कडकडीत तेलाची एक पळी ओतली की सोडा लागत नाय. ओवा, हळद, तिखट झालं. आता हे घातलं की...

सुरभी : थांबा! ते काय आहे?

जयवंता : हिंग. डाळीचं पीठ बाधतं ना. बिनहिंगाची भजी कुणी करतं का?

सुरभी : घालू नका. डबी द्या माझ्याकडे. गेल्या वर्षी हाच घातला होतात?

जयवंता : हाच की. आमच्या घाण्यात चिमूटभर. तुझ्या घाण्यात मात्र चांगला चमचाभर घातला होता. म्हटलं पोरीचं पोट नाजूक, तिला बाधायला नको.

सुरभी : थांबा, मागं काय लिहिलंय ते वाचते.

जयवंता : काय गं? अशी काय बघतेस? बारीक अक्षर मला दिसत नाय. काय लिवलंय?

सुरभी : गव्हाचं पीठ.

जयवंता : कुठं?

सुरभी : ह्यात. पहिलं नाव तेच आहे, आई. हिंग तिसरा.

जयवंता : हिंगात गहू?

सुरभी : नुसता हिंग फार उग्र असतो, म्हणून पिठात कालवतात. काही तांदळाच्या पिठात, काही गव्हाच्या. मी दुकानात पाकीट न् पाकीट उलटून वाचते. पण हिंग घालायची सवय मला माहेरापासून नाही, घरी आणतच नाही. म्हणून ही डबी कधी वाचलीच नाही.

जयवंता : म्हंजे मीच घातला. माझ्या ह्या हातानं.

सुरभी : माझं पोट दुखू नये म्हणून घातलात.

जयवंता : अगो बाय माझे! चाळीस वरसं हिंग वापरते मी. त्यातला गहू डोळ्याला दिसला नाय, नाकाला कळला नाय, जिभेला लागला नाय. नि तुझ्या पोटाला बरोब्बर कळला! केवढं हुशार पोट गं तुझं! नि मी त्याला थेरं म्हणत होते. म्हणत होते हो, तोंडावर नाय, पण शेजारच्या मैनाजवळ म्हणत होते.

सुरभी : मी तर तुमच्या तोंडावरच बोलले. चुकले, आई. त्याच दहा जणींसमोर सांगेन, यंदाच्या गौरीला.

जयवंता : सांग. नि मैनाला दोनदा सांग. तिला ऐकायला कमी येतं नि बोलायला जास्त.

पोपट : तेल जळतंय का गं? वास आला.

जयवंता : तापलंय, जळत नाय. तुमी पाववाले, लांबच राहा. सुरभी, दोघी आधी हात धुऊ. मंग हिंगाच्या बदल्यात आणखी ओवा चोळ. हां. आता फूल देठाला धर, बुडव, निथळू दे. कढईच्या कडेनं सोड.

सुरभी : आई! आई, बघा ना, ते उमलतंय! पिठात पार मिटलं होतं, आणि तेलात...

जयवंता : उमलतं. दर येळी उमलतं. इतकी वरसं घालते मी, पण हात थांबतो नि बघत राहते. कुणाला सांगत नाय, हसतील म्हणून.

सुरभी : नका ना काढू लगेच. अजून थोडं बघू दे.

जयवंता : करपंल मंग. घे. फुंकर मार आधी.

सुरभी : फू... फू... हाय, केवढं गरम!

जयवंता : कसं झालंय? मीठ?

सुरभी : काय सांगू, आई. पाकळी कुरकुरीत आणि आत नुसती लुसलुशीत. ह्यात दूध नाही, गहू नाही, कशाकशाची आठवणसुद्धा होत नाही. वर्षभरानं ह्या घरात गरम घास खाल्ला मी.

जयवंता : बाधलं तर किती येळानं कळतं?

सुरभी : मागच्या वेळी दोन तासांत कळ आली होती.

जयवंता : मंग चारच खा नि थांब. मीपण थांबते.

सुरभी : तुम्ही खा ना! सकाळपासून उपाशी आहात.

जयवंता : उतरंल का माझ्या घशाखाली? बस हितं, माझ्यापाशी.

(अडीच तास होऊन गेले आहेत. गॅस बंद आहे. उरलेली फुलं ओल्या फडक्याखाली. ओटीवर पोपटचं घोरणं.)

जयवंता : सुरभी? पोटावर हात का ठेवलास?

सुरभी : असाच.

जयवंता : कळ आली? खरं सांग. आपल्या राजेशला कंपनीत फोन लावू? रिक्षा बोलवू का?

सुरभी : कळ नाही आली, आई.

जयवंता : मंग काय होतंय गं?

सुरभी : भूक लागलीय.