कानांची परीक्षा

कानाच्या दवाखान्यात माझा नंबर यायचा होता. खोली गार होती. शेजारी एक म्हातारं जोडपं बसलं होतं; आजोबा आजींच्या ओठांकडे बघत बोलत होते.

"अहो, काय म्हणाली ती तपासणारी मुलगी?"

"कान पंचविशीतल्या पोरासारखे आहेत म्हणाली."

"आणि परवा दाराची बेल वाजत राहिली, ती?"

"बेल कधी वाजेल ते आधी कुठे कळतं? ही मुलगी तालात सूर सोडत होती. तीन सूर, थोडी उसंत, मग त्याहून बारीक. मी बरोबर जागेवर बटण दाबलं."

"ऐकू न येता?"

"अगं, बारा वर्षं पियानोच्या बाईंनी हातावर पट्टी मारून मात्रा मोजायला लावल्या. मग चाळीस वर्षं रॉक बँडमध्ये कीबोर्ड. वीस-वीस मिनिटांची गाणी, दर ओळीला ताल वेगळा. त्या ड्रमच्या गोंगाटात स्वतःचं वाजवणं कधी ऐकू आलंय? सगळं आतच वाजायचं. अजून वाजतं."

"आत जा आणि खरं काय ते सांगा तिला."

"मग यंत्र लावतील. बाहेरचं ऐकत बसावं लागेल."

"माझं बोलणं बाहेरचंच आहे हो."

आजोबांची बोटं गुडघ्यावर हलत होती. आजी खिडकीकडे तोंड करून बसल्या. बराच वेळ कुणीच काही बोललं नाही.

"हो गं, घातलाय स्वेटर," आजोबा म्हणाले.