प्लंबरचे बूट

माझी नात हे चारचौघांत सांगत फिरते, म्हणून मीच आधी सांगून टाकतो. इथे परदेशात, पेंडल हिलच्या आमच्या घरात सिंकखालचा पाइप फुटला. पाणी देव्हाऱ्याकडे निघालं होतं आणि गोरा प्लंबर चिखलाच्या बुटांनी दारात उभा. मी हात आडवा घातला.

"बूट काढायला सांग त्याला."

नात त्याच्याशी इंग्रजीत बोलली. "आजोबा, नाही काढता येत. कामावर बूट हवेतच, असा रूल आहे त्यांचा."

"देवासमोर बूट नकोत, हा माझा रूल आहे."

"आजोबा, देव भिजतील."

"भिजू देत. पुसून घेईन."

प्लंबर हसला. खिशातून कापडी पिशव्या काढून त्याने बुटांवर चढवल्या. नात म्हणाली, "तो म्हणतो, इथल्या भारतीय घरांत त्याला रोजच कुणीतरी अडवतं. आता तर त्याची बायकोही त्याला बुटांनी घरात घेत नाही."

मी ताठ मानेने बाजूला झालो. त्याने माझ्या पायांकडे पाहिलं आणि पिशव्यांची आणखी एक जोडी माझ्या हातात ठेवली. पाण्याचा मुख्य कॉक शोधायला मी अंगणात धावलो होतो, आणि त्याच चिखलाच्या चपलांनी घरभर फिरलो होतो.