फेबियनच्या बाइकची चेन

स्टॅन्ली : तारेचा ब्रश ठेव खाली, क्लोटिल्डा. चेनमधल्या रबराच्या रिंगा फाटतात त्याने.

क्लोटिल्डा : मग कशाने घासू? पार गंजलीय. इथल्या आखाताच्या समुद्राची दमट हवा, आणि फेब्रुवारीपासून इथेच उभी.

स्टॅन्ली : पण घासायची कशाला? आपल्यापैकी कोण चालवणार आहे?

क्लोटिल्डा : जितेश येतोय न्यायला. मी बोलावलंय.

स्टॅन्ली : कोण जितेश?

क्लोटिल्डा : तुला ठाऊक आहे कोण.

स्टॅन्ली : ज्याला काढायला आपला मुलगा वादीच्या, त्या एरवी कोरड्या नदीच्या, पुरात उतरला, तो? तो आला बाहेर, आणि फेबियन... तुला दुसरं कुणी मिळालं नाही द्यायला?

क्लोटिल्डा : दर शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या दिवशी, मिस्सा सुटते तेव्हा तो चर्चच्या गेटबाहेर उभा असतो. हिंदू पोरगा, आत यावं की नाही कळत नाही त्याला. तू मान फिरवून गाडीत बसतोस. या वेळी मी बोलले त्याच्याशी. तिकडे आत वाळवंटाकडे, इब्रा गावात नोकरी लागलीय म्हणाला.

स्टॅन्ली : आणि बाइक मागितली.

क्लोटिल्डा : नाही रे. नको नको करत होता. मीच म्हटलं, ने बाबा. सकाळी किचनच्या खिडकीतून ही दिसते आणि मला वाटतं, फेबियन घरीच आहे, झोपलाय अजून. त्याच्या वाटणीचं चहाचं पाणीसुद्धा टाकते मी. मग आठवतं. रोज सकाळी नव्याने आठवतं, स्टॅन्ली. आता नाही सहन होत.

स्टॅन्ली : मला कधी बोलली नाहीस.

क्लोटिल्डा : कधी बोलू? तू घरात त्याचं नावसुद्धा काढत नाहीस.

(स्टॅन्ली बाह्या सारून बाइक डबल स्टँडवर चढवतो.)

स्टॅन्ली : जुना टूथब्रश घे. आधी हा स्प्रे मार, मळ सुटू दे. मी हाताने चाक फिरवतो, तू घास. हळू. इंजिन चालू करून कधी करायचं नाही, बोटं जातात.

क्लोटिल्डा : ही माती बघ. पिवळट.

स्टॅन्ली : वादीची.

क्लोटिल्डा : त्याच दिवसाची?

स्टॅन्ली : तिथल्या काठावरून मीच चालवत आणली ना घरी. त्यानंतर कुठे हलली ही?

क्लोटिल्डा : मग एवढी राहू दे.

स्टॅन्ली : नको. वाळू राहिली तर चेन झिजते. तुटून चाकात अडकली तर? इब्राचा रस्ता, मागून ट्रक. त्याच्याही आईला तो एकटाच आहे.

क्लोटिल्डा : घासते.

स्टॅन्ली : दे इकडे. डोळे भरलेत तुझे, दिसायचं नाही. तू कोरडं फडकं घे, पुसत जा. ओल राहिली तर परत गंज धरेल.

जितेश : आंटी... अंकल, तुम्ही पण आहात. मी नंतर येऊ का?

स्टॅन्ली : इकडे ये. बस खाली. हे तेल आतल्या बाजूने लावायचं, चाक फिरवत, थोडंथोडं. मग जास्तीचं पुसून टाकायचं, नाहीतर धूळ चिकटते. तिकडे धूळ फार. समजलं?

जितेश : हो अंकल. अंकल, त्या दिवशी मी त्याचा हात...

स्टॅन्ली : आज नको.

जितेश : सॉरी.

स्टॅन्ली : ऐकायचंय मला. सगळं ऐकायचंय. पण आज नाही होणार माझ्याच्याने. पुढच्या सुट्टीला ये.

जितेश : घरी येऊ?

क्लोटिल्डा : घरीच ये. जेवायला ये.

स्टॅन्ली : हेल्मेटचा पट्टा लाव. नीट लाव. हं, जा आता.

क्लोटिल्डा : गेला. चल आत, हात धुऊन घे.

स्टॅन्ली : थांब जरा. राउंडअबाउटपर्यंत हिचा आवाज येतो. आपला पोरगा कामाला निघाला की मी अंथरुणात पडून ऐकत असायचो.