वामनचा बी. टी. पाठ

माझ्यापुढे त्या वामनचं कौतुक करू नका हो, चहा कडू लागतो मला. महाडच्या शाळेत आम्ही दोघंही गणित शिकवायचो. मास्तरकीची पदवी घ्यायला एकालाच मुंबईला धाडायचं होतं, आणि हेडमास्तरांनी धाडलं कुणाला? पोलादपूरच्या ह्या वामनला! वर्षभरानं स्वारी बी. टी. होऊन परतली. लगेच हेडमास्तर मला म्हणाले, "मागच्या बाकावर बसून वामनरावांचा पाठ बघा. शिकण्यासारखा आहे."

बसलो. म्हटलं, आज ह्याची जिरवतोच. मध्येच हात वर करून विचारलं, "ऋण गुणिले ऋण धन का हो होतं?" मी स्वतः ते इतकी वर्षं छडीच्या जोरावर पाठ करून घेत आलो होतो. का होतं, ते माझ्या बापालाही ठाऊक नव्हतं.

वामन नुसता हसला. पोरांना म्हणाला, "सावित्रीचा पूर रोज दोन हात उतरतोय. उतरणं म्हणजे ऋण. आता तीन दिवस मागं जा. मागं जाणं हेही ऋण. तेव्हा पाणी आजच्यापेक्षा कुठं होतं?"

"वर व्हतं गुर्जी," वरंधचा एक पोरगा डोकं खाजवत म्हणाला, "पण किती ता नाय समजत."

"अरे, सहा हात वर!" मागून कुणीतरी ओरडलं.

सगळा वर्ग वळून माझ्याकडे बघायला लागला. मी बाकावरून उठून उभा होतो.

"शाब्बास!" वामन म्हणाला. "बसा खाली."