फाट्यावर उभी राहिलेली गाडी

सन्माननीय अध्यक्ष हाज्ज रातिब साहेब, दक्षिणेकडच्या पाणी शुद्धीकरण केंद्रांतून वेळ काढून आलेले व्यासपीठावरचे अभियंते, आपल्या चालक संघटनेचे पदाधिकारी, ज्यांच्या निवृत्तीनिमित्त आपण जमलो आहोत ते मुफ्लेह, म्हणजे आपले अबू सत्ताम, त्यांच्या घरची मंडळी, आणि खुर्च्या रिकाम्या असूनही मागच्या भिंतीला टेकून उभे असलेले माझे चालक बंधू. तुम्हाला मी बसा म्हणणार नाही. बारा-बारा तास बसून ज्यांची कंबर गेली, त्यांना पुन्हा बसायला लावणं हा पाहुणचार नव्हे.

माझ्या आधी पाच वक्ते बोलून गेले. सगळे चांगलं बोलले. सत्तावीस वर्षं, एकही अपघात नाही, हे पाचही जणांनी सांगितलं. माझ्याही हातात कार्यालयानं टाइप करून दिलेला कागद आहे आणि त्यातही तेच आहे. तेव्हा मी नवीन काय सांगणार? सत्तावीसपैकी बावीस वर्षं मी झर्काच्या नियंत्रण कक्षात बसून या माणसाच्या गाडीचा फोन घेतला. मी त्याला पाहिलं कमी, ऐकलं जास्त. जे ऐकलं, तेवढंच सांगतो.

पाहुण्यांसाठी एवढं सांगायला हवं, की अबू सत्ताम क्लोरीन वाहून न्यायचे. एकेक टन वायूच्या लोखंडी टाक्या, गाडीवर बारा. तुम्ही घरी नळ सोडून पाणी पिता, ते पिण्याजोगं होतं ते त्यामुळं. आणि तोच वायू टाकीतून बाहेर आला, तर वाऱ्याच्या दिशेला जो जो असेल त्याचा श्वास अडकतो. म्हणून या माणसाची सकाळ कशी उजाडायची? आधी गाडीभोवती एक पूर्ण फेरी. प्रत्येक चाकावर हात. मग अमोनियात भिजवलेला फडका घेऊन एकेका टाकीच्या झडपेपाशी धरायचा. वायू झिरपत असेल तर पांढरा धूर दिसतो. मग गाडीच्या मागच्यापुढच्या नारिंगी पाट्या पुसायच्या, मुखवटा चढवून बघायचा, कागद दाराच्या खिशात आहेत ना बघायचं. आणि एरियलला बांधलेली कापडाची चिंधी बघायची, वारा कुठून कुठं जातोय. हे सगळं झालं की मला फोन: "ओदेह, निघतो." वाटेत दर दोन तासांनी थांबून पुन्हा फेरी, पुन्हा फडका.

एकदा मी चेष्टेनं म्हटलं होतं, "अबू सत्ताम, बायकोची तरी इतकी विचारपूस करतोस का रे?"

तो म्हणाला, "ती बोलते. टाकी बोलत नाही."

हसा, हसा. मीही हसलो होतो. पण मंडळी, या कामाचा थकवा वेगळा असतो. गवंडी दमतो, तेव्हा त्याच्यामागे भिंत उभी असते. आमचा माणूस दमतो, तेव्हा त्याच्यामागे काय असतं? काहीही झालेलं नसतं. तेवढीच त्याची कमाई. गेल्या महिन्यात शेवटच्या फेरीनंतर चाव्या माझ्या टेबलावर ठेवताना तो मला म्हणाला, "झोप पुरते रे मला. सावध राहण्याचा कंटाळा आलाय." सत्तावीस वर्षांत त्यानं केलेली तक्रार ही एवढीच.

आता या कागदावर पुढं पुरस्कारांची यादी आहे. ती अध्यक्षसाहेब वाचतील, मी वाचत नाही. सकाळी मी सभागृहात शिरलो, तेव्हा तिसऱ्या रांगेत दाराच्या बाजूला बसलेला एक माणूस मला दिसला. अबू सत्तामच्या लेकीनं त्याला आणलंय, असं कळलं. त्याला पाहिल्यावर यादी वाचायचं माझ्यानं होईना. तो जदआन. अबू सत्तामचा धाकटा, सख्खा भाऊ. अकरा वर्षं हे दोघे एकमेकांशी बोललेले नाहीत.

अध्यक्षसाहेब, मला पाच मिनिटं जास्त लागतील.

अकरा वर्षांपूर्वीचा फेब्रुवारी. अबू सत्ताम सकाळी सातला भरलेली गाडी घेऊन अकबाकडे निघाला होता. सव्वानऊला त्याचा फोन आला. मला वाटलं, नेहमीची फेरी झाली असेल.

"ओदेह, बाप गेला माझा."

मी म्हटलं, "आपण सगळे अल्लाचेच, रे."

"पहाटे गेला. जदआनचा आत्ता फोन आला. दुपारच्या नमाजनंतर माती देणार. गाव माझ्या वाटेवरच आहे, फाट्यापासून चार किलोमीटर आत. मी फाट्यावर गाडी उभी करतो. बदली माणूस पाठव."

तुम्हा चालकांना सांगायला नको. भरलेली गाडी वस्तीत न्यायची नाही आणि उघड्यावर एकटी सोडायची नाही. एक तर ती तुमच्या ताब्यात, नाहीतर तुमच्यासारख्याच परवानाधारक माणसाच्या ताब्यात. आणि बदली माणूस होता. नायिफ, कतरान्याच्या थांब्यावर, पिकअपसकट रिकामा बसलेला. अर्ध्या तासाची वाट. मी म्हटलं, "तासाभरात नायिफ तुझ्याकडे पोचतो. तू काळजी करू नकोस."

फोन ठेवला आणि दुसरा वाजला. अल-हसाच्या पुढं आपल्याच एका गाडीच्या इंजिनचा पट्टा तुटला होता, सुटा पट्टा हवा होता. पट्टा कतरान्याच्या गोदामात होता. मी नायिफला सांगितलं, आधी तो पट्टा पोचव, मग येताना फाट्यावर थांब. मला वाटलं, वाटेतच तर आहे. पट्टा बसेना, नायिफ तिकडं अडकला, आणि मी इथं चहा पीत होतो.

साडेअकराला पुन्हा फोन.

"ओदेह, नायिफ कुठाय?"

"येतोय. जरा अडकलाय."

"जनाजा घरातून निघेल आता. माझ्याशिवाय भाऊ एकटाच आहे खांदा द्यायला."

तेव्हा मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "अरे, कुलूप लाव आणि जा. तासाभराचा तर प्रश्न. माळरानावर कोण बघतंय? मी काही लिहीत नाही."

मला वाऱ्याचा आवाज येत होता. मग तो म्हणाला, "फाट्याच्या पूर्वेला मेंढपाळांचे तंबू आहेत. बायका भाकऱ्या भाजतायत. आणि वारा तिकडंच जातोय. मी गाडी आता रस्त्याच्या दुसऱ्या अंगाला, लांब नेऊन लावतो. पण सोडून नाही जाता येणार."

"काही होत नाही रे."

"नाही होणार. मलाही माहीत आहे."

एवढं बोलून त्यानं फोन ठेवला.

त्या जागेवरून गावचं कब्रस्तान दिसतं. टेकाडावर आहे, दीडेक किलोमीटर लांब. दुपारी त्यानं गाडीच्या पायरीवर चढून पाहिलं, तेव्हा माणसं मुंग्यांएवढी दिसत होती. चाकांखालचे ठोकळे पुन्हा एकदा तपासून तो गाडीशेजारी उभा राहिला आणि बापाच्या जनाज्याची नमाज त्यानं एकट्यानं पढली. हे मला त्यानं सांगितलेलं नाही. त्या तंबूतल्या एका म्हातारीनं नायिफला सांगितलं आणि नायिफनं मला.

नायिफ पोचला दोन वाजता. अबू सत्तामनं त्याच्या हातात कागद दिले, बाराही झडपा दाखवल्या, आणि मग तो चालत गावाकडे निघाला. पिकअप घेऊन जा म्हटलं तर घेतली नाही.

पुढचं मी तिथं बसलेल्यांकडून ऐकलं: दुखवट्याच्या तंबूत जदआन स्वतः कॉफी वाढत होता. एकाच्या हातात कप, मग दुसऱ्याच्या, मग तिसऱ्याच्या. मोठ्या भावापाशी आला आणि त्याला ओलांडून पुढच्याला दिली. आपल्याकडे कॉफी न देणं म्हणजे नातं तोडणं, हे मी सांगायला हवं का? मग त्यानं विचारलं, सगळ्यांदेखत: "गाडीला काही झालं?"

"नाही."

"कुणाला काही झालं?"

"नाही."

"मग तू आला का नाहीस?"

आम्ही आयुष्यभर ज्यासाठी राबतो, तेच त्याच्या विरुद्धचा पुरावा झालं.

हे इथंच संपलं असतं, तर मी आज गप्प बसलो असतो. पण चौथ्या दिवशी जदआन झर्काला आमच्या कार्यालयात आला. व्यवस्थापक समोर बसले होते. त्यानं मला सरळ विचारलं, "साहेब, एकच सांगा. माझ्या भावानं त्या दिवशी बदली माणूस मागितला होता का?"

मंडळी, मी बावीस वर्षं फोनवर लोकांना वाट सांगत आलो. त्या क्षणी मला 'हो' एवढा एक शब्द सांगता आला नाही. मागितला होता म्हटलं असतं, तर व्यवस्थापकांचा पुढचा प्रश्न ठरलेला होता, की मग पाठवला का नाही. माझी चार लेकरं लहान होती. मी म्हणालो, "नाही. मागितला नव्हता."

जदआननं मान हलवली आणि तो निघून गेला.

संध्याकाळी मी अबू सत्तामला हे सांगितलं. वाटलं, मारेल. तो म्हणाला, "तुझी नोकरी गेली असती. भाऊ माझा आहे, तो कुठं जातोय? निवळला की सांगेन मी." पण भाऊ निवळला नाही. यानंही सांगितलं नाही. आणि मी? मी रोज सकाळी याचा फोन घेत राहिलो. "ओदेह, निघतो." "सुखरूप जा, अबू सत्ताम." अकरा वर्षं. एका फोनवरही मी म्हटलं नाही, की आज मी तुझ्या गावी जाऊन येतो.

जदआन, त्यानं माणूस मागितला होता. एकदा नाही, दोनदा. सव्वानऊला आणि साडेअकराला. माणूस होता. तो मी दुसरीकडे पाठवला. कारण मला मनातून खात्री होती, की हा गाडी सोडून जाईलच. त्याच्या जागी मी असतो तर गेलो असतो.

थांबा, अबू सत्ताम व्यासपीठावरून काही म्हणतायत. "पुरे कर, ओदेह, लोक ताटकळलेत." ताटकळू देत. आज तुझं ऐकत नाही मी.

जदआन उभा राहिलाय. दाराशी उभे आहात ते बंधू, बाजूला व्हा, त्याला जायचं असेल तर जाऊ द्या.

मागं ऐकू आलं नसेल. तो भावाला विचारतोय, "आणि तू अकरा वर्षं तोंड शिवून बसलास?"

अबू सत्ताम म्हणतायत, "तू मला एकांतात विचारलंस कधी?"

"मी विचारायचं? मोठा तू का मी?"

"कार्यालयात जाऊन परक्याला विचारलंस. त्याऐवजी माझ्याकडे येऊन मला विचारलं असतंस तर?"

अध्यक्षसाहेब, घंटी वाजवू नका, मी विनंती करतो. भांडू द्या त्यांना. अकरा वर्षांचं साचलेलं आहे, आवाज चढणारच. जदआन, तिथून ओरडू नकोस, पुढं ये. ही पायरी. माझी खुर्ची रिकामीच आहे, त्याच्या शेजारची. बस तिथं, आणि काय बोलायचं ते जवळून बोल.

बसला.

मी आवरतो. संघटनेनं मला बोलायची संधी दिली, त्याबद्दल आभार. पाहुणे लांबून आले, त्यांचे आभार. भिंतीला टेकलेल्या बंधूंनो, तुमचेही आभार, आणि उद्या सकाळी ज्यांना गाडी न्यायची आहे त्यांनी वेळेत झोपा. बोलण्याच्या ओघात कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाचा मान राखायचा चुकला असेल, शब्द वाकडा गेला असेल, तर सभेनं ते पोटात घालावं. दुसऱ्या चुकीची माफी मात्र मी तुमच्याकडे मागत नाही. ती तुमच्या हातात नाही. ती ज्यांच्या हातात आहे ते दोघं आत्ता माझ्या पाठीमागं भांडतायत, आणि त्यांच्यामध्ये पडायची माझी लायकी नाही.

मी खाली, तिसऱ्या रांगेत जाऊन बसतो.